मागच्या शेडची वायर

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईला वरच्या टेलरबाईचा संशय होता. दुपारी ड्युटीवरून येऊन ती जरा पाठ टेकते न टेकते, तोच पंखा मंदावायचा, थांबायचा आणि जिन्याखालच्या बोर्डातून जळका वास यायचा. फ्यूज पुन्हा गेलेला. वर मशीनची घरघरही त्याच वेळी बंद पडायची.

घरमालक शेजारीच राहत. ते आवाज बारीक करून म्हणाले, "वरची बाई मोटरचं मशीन आणि इस्त्री एकदम लावते. मी सांगून थकलो. माझं नाव मात्र घेऊ नका हं, दोघींत उगाच वाकडं नको."

तेव्हापासून नर्सबाई कान छताला लावून बसू लागली. वर जरा खुट्ट झालं की ही मनात म्हणायची, लावली इस्त्री. जिन्यात भेट झाली की दोघी कोरडं हसायच्या. गल्लीतल्या दोघीतिघींच्या कानावरही तिने ही गोष्ट घातलीच.

एका दुपारी फ्यूज पुन्हा गेला आणि तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, तिला हाक मारली. "सूनबाई, ही भिंत बघ. अंगात ताप असावा तशी लागतेय."

त्यांच्या खाटेमागची भिंत खरोखरच गरम होती. नर्सबाईने खाट ओढून मधोमध आणली आणि तरातरा वर निघाली. जिन्यातच टेलरबाई समोर आली, तीही तावातावाने.

"तुमचा गीझर आता तरी बंद करा," टेलरबाई म्हणाली. "माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"कसला गीझर? आणि तुमची इस्त्री?"

"आठवडाभर बिघडून पडलीय ती. गीझरचं मालकांनीच सांगितलं मला. वर म्हणाले, माझं नाव घेऊ नका."

नर्सबाईने तिला खाली नेऊन न्हाणीघर दाखवलं. बादली, मग आणि दोरीवरचा टॉवेल. टेलरबाईने तरी दारामागे डोकावलंच. मग नर्सबाई वर गेली आणि इस्त्रीला हात लावून आली. गार होती.

टेलरबाईने मेन स्विच पाडून फ्यूजला नवी तार घातली. दोघींनी आपापल्या घरातली सगळी बटणं बंद केली आणि मेन स्विच चालू करून त्या मीटरसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही घरांना मिळून एकच मीटर होता आणि बिल दोघी वाटून भरत. आतली चकती भिंगरीसारखी फिरत होती.

"भूत आहे की काय घरात," टेलरबाई पुटपुटली.

बोर्डातून निघालेली एक वायर आबांच्या खोलीच्या भिंतीत शिरत होती आणि मागच्या खिडकीशेजारून बाहेर पडून मालकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जात होती. शेडला कुलूप होतं. आतून घुमल्यासारखा आवाज येत होता. नर्सबाईने मेन स्विच पाडला, तसा आवाज थांबला. तिने लगेच वीज कार्यालयाला फोन लावला.

लाइनमन आला, तसे मालकही धावत आले.

"जुनी वायर आहे ती," ते म्हणाले. "तिच्यात वीजच नाही."

आबा काठी टेकत दारात आले. "मग मेन स्विच चालू करतो, मालक. तुम्ही तिला हात लावून दाखवा."

मालकांनी हात खिशात घातले. थोड्या वेळाने त्याच खिशातून किल्ली निघाली. आत जावयाच्या दुकानाचे दोन मोठे डीप फ्रीझर होते, आइस्क्रीमने गच्च भरलेले.

लाइनमनने ती वायर तोडली. खाटेमागचा गिलावा फोडला, तेव्हा आतली वायर वितळून विटेला चिकटली होती. आबांनी काठीचं टोक विटेवरच्या त्या काळ्या डागावर टेकवलं. रोज त्यांची उशी तिथेच असे.

कार्यालयाने संपूर्ण घराचं वायरिंग बदलायला लावलं आणि दोन मजल्यांना दोन मीटर बसवले. मालक आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाने ये-जा करतात.

नर्सबाई मात्र गल्लीतल्या त्या दोघीतिघींकडे गेली. टेलरबाईबद्दल आपण बोललो ते खोटं होतं, हे तिने प्रत्येकीच्या दारात उभं राहून सांगितलं. तिसरीने विचारलं, "मग खरं काय होतं?" तेव्हा तिने मालकांचं नाव घेतलं, चांगलं मोठ्याने.