खालचे दोन दात

"काका, ब्रश करताना कधी रक्त यायचं का?" आश्लेषानं विचारलं.

तोंडात आरसा आणि बारीक सळई असल्यामुळे चारुदत्तनं नुसतीच मान हलवली. नाही, कधीच नाही. त्याला त्याचा थोडा अभिमानही होता. मृणालिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हिरड्यांतून जरा काही झालं की रक्त यायचं, आणि तो तिला चिडवायचा.

आश्लेषानं सळई बाजूला ठेवली आणि खुर्ची सरळ केली. ही त्याच्या मुलीची, अनयाची शाळेपासूनची मैत्रीण. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या गणपतीत दोघी एकत्र नाचायच्या. आता तिच्या क्लिनिकच्या भिंतीवर तिच्या नावाची पाटी होती आणि तिच्या चेहऱ्यावर, मास्क काढल्यावर, चारुदत्तला न आवडणारा सौम्यपणा होता.

"स्मोकिंग कधी सोडलंत?"

"झाली की पाचेक वर्षं. आता फक्त व्हेप, ते बॅटरीवरचं."

"फक्त," ती म्हणाली. "काका, खालचे पुढचे दोन दात वाचणार नाहीत. त्यांच्याखालचं हाड गेलंय. मागच्या दाढांचंही थोडं गेलंय, पण त्या ट्राय करू आपण."

आदल्या शनिवारी मराठी मंडळातल्या सुमंतच्या बॅकयार्डमध्ये मक्याचं कणीस खाताना त्यातला एक दात हलला होता. दुखलं असं नाही. दार नीट लागलं नसलं की हाताला कळतं, तसं जिभेला कळलं. त्यानं कणीस पेपर प्लेटखाली सरकवलं आणि उरलेला वेळ टोमॅटो सार पीत काढला. सुमंतनं आग्रह केला तेव्हा ॲसिडिटीचं कारण सांगितलं.

"पण रक्त कधी आलं नाही," तो आश्लेषाला म्हणाला. "दुखलंही नाही."

"तेच तर. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, मग हिरडी आतून बिघडत जाते आणि वरून काही दिसत नाही. त्यात व्हेपनं तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दातांना राखणारं कोणी राहत नाही. आणि तुमचा फ्लेवर काय, मँगो? ते गोड, चिकट असतं, दातांवर बसून राहतं."

चारुदत्तनं आयुष्य गॅसच्या पाइपलाइनवर काढलं होतं. बाहेरून रंग शाबूत असलेला पाइप आतून कसा झिजतो, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे हे व्हेपमुळे झालं?"

"एकट्या व्हेपमुळे नाही. आधीची तीस वर्षं सिगरेट होतीच ना. सिगरेट सुटली की हिरड्या सावरतात, काका. तुम्ही त्यांना सावरू दिलं नाहीत."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "अनयाला सांगू नकोस."

"मी पेशंटचं कोणालाच सांगत नाही," आश्लेषा म्हणाली. पण तिला कळलं असावं, कारण तिनं नजर वळवून ग्लव्ह्ज काढले.

ते व्हेप अनयानंच आणून दिलं होतं. तिला दूर पार्सिपनी शहरात नवीन नोकरी लागली तेव्हा ती फादर्स डेला आली आणि निळ्या कागदात गुंडाळलेला डबा त्याच्या हातात ठेवला. "बाबा, प्लीज. सिगरेटपेक्षा खूप बेटर आहे. इट्स जस्ट व्हेपर." तिच्या आत्याला फुफ्फुसाचा कॅन्सर झाल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अनया त्या दिवशी रडली होती. तोवर कोणाच्या सांगण्यानं न सुटलेली सिगरेट त्यानं त्या आठवड्यात सोडली. मंडळात त्याचं कौतुक झालं. गाडीचा वास गेला, शर्टांचा गेला. मृणालिनी सोफ्यावर पुन्हा जवळ बसू लागली.

फक्त एक झालं. सिगरेटसाठी बाहेर जावं लागायचं, ह्यूस्टनच्या उकाड्यात पार्किंग लॉटमध्ये उभं राहावं लागायचं, आणि ती संपायची. हे संपायचं नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, बातम्या बघताना, अंथरुणात टेकून वाचताना, ते हातात असायचंच. घसा कोरडा पडला की तो त्यावर गोड चहा प्यायचा.

दात काढले त्या दिवशी मृणालिनीनं त्याला घरी आणलं आणि मऊ भात कालवून दिला. इम्प्लांट बसवायचे तर आधी हाड भरून यायला हवं आणि तोवर निकोटीन पूर्ण बंद, असं आश्लेषानं बजावलं होतं. चारुदत्तनं व्हेप उचललं आणि शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जाऊन बॅटऱ्यांच्या पिंपात टाकून आला. पुढचे काही आठवडे वाईट गेले. हात सारखा खिशाकडे जायचा. कढीपत्त्याला पाणी घालायच्या निमित्तानं तो बॅकयार्डमध्ये फिरत राहायचा, शेवटी ते झाड जास्त पाण्यानं पिवळं पडलं. मृणालिनीवर एकदोनदा ओरडला. ती उलटून बोलली नाही, तेव्हा त्याला जास्त वाईट वाटलं.

इम्प्लांट होईपर्यंत दोन दातांची काढता-घालता येणारी कवळी मिळाली. ती घातली की 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. काढली की तो कोणासमोर हसायचा नाही.

थँक्सगिव्हिंगला अनया आली. एअरपोर्टवरून गाडीत बसल्यावर दोन मिनिटांतच म्हणाली, "बाबा, तू वेगळा काय बोलतोयस?"

"सर्दी झालीये."

घरी जेवायला बसल्यावर मात्र लपलं नाही. भाजीतला शेंगदाणा कवळीखाली अडकला आणि त्याला तोंडावर हात ठेवून उठावं लागलं. तो परत आला तेव्हा अनयाचं ताट तसंच होतं.

"दात पडले?"

"काढले. दोनच. वय झालं की होतं."

"एकसष्ट इज नॉट ओल्ड, बाबा." तिनं एकदा आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "व्हेपमुळे?"

"छे," चारुदत्त म्हणाला. 'छे'ची शिट्टी वाजली नाही, त्याला बरं वाटलं. "आमच्या घराण्यातच आहे. माझ्या वडिलांचे तर साठीच्या आतच गेले होते."

त्याचे वडील ऐंशीव्या वर्षी दातानं सुपारी फोडायचे. मृणालिनीनं हे लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. तिनं भाजीचं भांडं उचललं, अनयाच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "हो ना. तुझे आजोबा शेवटी सगळं मिक्सरमधून काढून खायचे."

चारुदत्तनं बायकोकडे पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही.

"मग ते कुठंय? व्हेप?"

"दिलं टाकून. कंटाळा आला."

अनया काहीतरी बोलणार होती. "मी ते आणलं तेव्हा..."

"तेव्हा सिगरेट सुटली," चारुदत्त म्हणाला. "ते दुसऱ्या कोणाला जमलं नव्हतं. जेव तू."

ती जेवली. नंतर बराच वेळ ती फोनवर काहीतरी वाचत सोफ्यावर बसली होती. चारुदत्तनं स्क्रीनकडे पाहायचं टाळलं. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलं होतं आणि त्यातलं दोघांनाही काही कळत नव्हतं, तरी दोघं शेवटपर्यंत बघत बसली.

सकाळी तो उठला तेव्हा बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत अनया बेसिनपाशी उभी होती, केस विंचरलेले नव्हते. काचेचा पेला तिच्या हातात होता. रात्री कवळी ठेवायचा तो पेला, अनया घरी असण्याची सवय नसल्यानं त्यानं उघड्यावरच ठेवलेला. तिनं कवळी तळहातावर घेतली, नळाखाली धरली, बोटानं हळूच पुसली. मग पेला विसळला, त्यात स्वच्छ पाणी भरलं, कवळी आत सोडली आणि पेला होता त्याच जागी, आरशाखाली डाव्या बाजूला ठेवला. थोडा सरकवून नीट केला.

चारुदत्त दोन पावलं मागं गेला, पॅसेजमध्ये थांबला. मग मुद्दाम मोठ्यानं खाकरला, स्लिपर फरफटवल्या आणि तिला बाहेर यायला वेळ दिला.