मेलेल्याच्या दारावर टकटक

हॉल खचाखच भरला होता. खुर्च्या संपल्या, तेव्हा माणसं पायऱ्यांवर टेकली. समोर मोठा पडदा, त्याखाली एक काळा डबा. डब्याजवळ कुणी बसलेलं नाही, कुणी काही दाबत नाही, आणि पडद्यावर आपोआप अक्षरं उमटतायत! महाराज डोळे मिटून म्हणत होते, "परलोकाची लाइन लागली! बोला, कुणाला बोलवू?"

माझी धाकटी जाऊ उठली. दीर जाऊन वर्षही झालं नव्हतं. मागच्या खेपेला पडद्याने तिला सांगितलं होतं, 'गोळ्या सोड, महाराजांचं पाणी पी.' हृदयाच्या गोळ्या हो! बयेने खरंच सोडल्या. जिना चढताना धापा टाकायची, पण माझं ऐकेल तर शपथ.

मी चौथी नापास. पण दीर मला पुरता ठाऊक होता. जिवंतपणी बायकोशी दोन शब्द धड बोलला नाही, तो मेल्यावर पानपानभर लिहितो?

माझी सून कॉम्प्युटरचंच काम करते. तिला विचारलं, तर म्हणाली, "आई, हे दोन प्रोग्राम आहेत. एक त्या डब्यात कान लावून बसलाय. त्याला पत्ता आहे, दाराला नंबर आहे. दुसरा आतल्या खोलीतून त्या दारावर टकटक करतो. दार उघडलं की तिकडे कुणी लिहायचं आणि इकडे पडद्यावर दिसायचं."

"आणि हा कान लावून बसलेला विचारत नाही, कोण आलंय म्हणून?"

"विचारायला शिकवलं असेल तर विचारेल."

"मग आपणच टकटक करू की!"

हॉलचं वायफाय भक्तांना मोकळं होतं, महाराजांचे व्हिडिओ बघायला. डबाही त्यालाच जोडलेला. सून माझ्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि एकेक नंबर ठोठावत गेली.

"उघडलं," ती पुटपुटली.

तिकडे जाऊ हात जोडून विचारत होती, "अहो, गोळ्या सोडल्यात. बरोबर केलं ना?"

पडद्यावर उमटलं: 'बरोबर केलंस, लाडके.'

लाडके! मी सुनेच्या कानात सांगितलं, तिने बोटं चालवली. खाली दुसरी ओळ आली: 'बावळट, गोळ्या घे! मी तुझी थोरली जाऊ. अजून मेले नाही!'

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज ताडकन उठले. "दुष्ट आत्मा शिरलाय!"

"आत्मा कसला, मी शिरलेय! तिसऱ्या रांगेत बसलेय, दिसत नाही का?"

मी तरातरा पुढे गेले आणि डब्याची वायर उपटली. पडदा काळा. सुनेने आतल्या खोलीचं दार ढकललं. आत महाराजांचा चेला कीबोर्डवर वाकलेला, आणि त्याच्या स्क्रीनवर लिहून आलेलं: 'संपर्क तुटला.' सुनेने ते मोठ्याने वाचलं, सगळ्या हॉलने ऐकलं. अख्खा परलोक एका वायरीवर टांगलेला होता!

जाऊ खुर्चीत कोसळून रडायला लागली. "निदान ते बोलतायत असं वाटत तरी होतं हो, ताई."

"रड. पण आधी गोळी घे, मग रड." मी पर्समधून तिच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. तिने गोळी घेतली.

बायांनो, बाप्यांनो, पलीकडून आवाज आला की लगेच हात जोडू नका. आधी विचारा, दारापलीकडे कोण आहे? डब्याला विचारायला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला काय झालंय?