नुसती बोलायची पद्धत

अधिकारी बाईंनी तिचं कायम रहिवासाचं कार्ड काउंटरवर पालथं ठेवलं आणि फोनकडे बोट केलं.

"उघडा."

तिने आकडे दाबले. पहिल्या खेपेला चुकले. दुसऱ्यांदा फोन उघडला, तेव्हा तो तिने दोन्ही हातांनी पुढे केला, वर्गात बाईंना वही द्यावी तसा.

मागे दार ढकलून बसचा ड्रायव्हर डोकावला. तो सीमेपलीकडचा, तिच्याच भाषेतला. सकाळपासून त्याने गाडीभर माणसांना हसवत आणलं होतं.

"ताई, सगळे चढले. तुमचं एकटीचं घोडं अडलंय."

"पाच मिनिटं, भाऊ."

"दहा घ्या. अकराव्या मिनिटाला मी सख्ख्या सासूलाही ओळखत नाही."

दार मिटलं. खोलीत तीन खुर्च्या होत्या, तिन्ही एका लोखंडी पट्टीला जोडलेल्या. काउंटरच्या डावीकडे काचेचं फाटक होतं. ते आतून बटण दाबल्याशिवाय उघडत नसे. फाटकापलीकडे गाड्या लावायची जागा होती, आणि तिथे कुठेतरी तिचा नवरा सहा वर्षांच्या मुलीला घेऊन उभा होता. काच दुधी होती. नुसती माणसांची उंची कळत होती.

"तीनशे एक्केचाळीस दिवस," अधिकारी बाई म्हणाल्या. "सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की आम्हाला विचारावं लागतं. तुम्ही इथे राहता, की इथे येऊन जाता?"

"राहते. नऊ वर्षं झाली."

इथली भाषा तिला नीट येत होती. फक्त आकडे ती अजून मनात आपल्या भाषेत मोजायची आणि मग बोलायची. त्यामुळे प्रत्येक उत्तराआधी एक थांबा पडत होता, आणि तो आपल्याविरुद्ध जातोय हे तिला दिसत होतं.

"मग एवढे दिवस कशाला?"

"वडील आजारी होते. अंथरुणावर. दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची."

"दुसरं कोणी नव्हतं?"

"भाऊ आहे. त्याची पाठ गेलीय."

बाईंनी फोन एका छोट्या यंत्राला जोडला. तिच्या भाषेतले निरोप यंत्र इथल्या भाषेत करून पडद्यावर टाकत होतं. बाई चष्मा कपाळावर सरकवून वाचू लागल्या. औषधं, लघवीच्या पिशव्या, मुलीच्या शाळेचे फोटो, नवऱ्याचे 'जेवलीस का'. वाचताना त्यांचे ओठ किंचित हलत होते. मग थांबले.

"हा तुम्ही नवऱ्याला पाठवलाय. चार महिन्यांपूर्वी. 'वडील निघून गेले.'" त्यांनी वर पाहिलं. "कुठे?"

ती पडद्याकडे बघत राहिली. तो निरोप तिने लिहिला नव्हता. त्या सकाळी ती बाबांची चादर ताणून चारी कोपरे गादीखाली खोचत होती, आणि दादाने तिच्याच फोनवरून 'बाबा गेले' एवढं टाकलं होतं.

"निघून नाही," ती म्हणाली. "नुसतं 'गेले'. आमच्या भाषेत तसं म्हणतात."

"कशाला म्हणतात?"

तिने पर्स उघडली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढला आणि पुढे सरकवला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला. गोल शिक्का, सही, आणि त्यांना न वाचता येणारी अक्षरं.

"मला हे कळत नाही. तुमच्या तोंडून सांगा. नोंद करायची आहे."

तिच्या भाषेत बाबांसाठी चार तरी शब्द होते. गेले, वारले, निवर्तले, आटोपलं. इथल्या भाषेत साधा, नोंदीत चालणारा शब्द एकच होता, माणसाला आणि कुत्र्यालाही तोच. चार महिन्यांत, या खोलीत येईपर्यंत, तिने चारांतला एकही उच्चारला नव्हता. शेजारच्या काकू भेटायला आल्या की ती चहा टाकायच्या निमित्ताने आत जायची. बाहेर दादा काय सांगायचं ते सांगायचा.

"मेले," ती इथल्या भाषेत म्हणाली.

बाईंनी टाइप केलं. "तारीख?"

तिने सांगितली. या वेळी थांबा पडला नाही.

"म्हणजे दोनशे तेविसाव्या दिवशी." बाईंनी हिशोब आधीच करून ठेवलेला दिसला. "मला वाईट वाटतं. खरंच. पण त्यानंतर एकशे अठरा दिवस तुम्ही कोणाची कूस बदलत होतात?"

आवाजात टोमणा नव्हता. दर दोन तासांनी तिला जाग येत होती, चार महिने. ती उठून शेजारच्या खोलीत जायची, गादीवरून हात फिरवायची आणि परत येऊन पडायची. नवऱ्याला दर शनिवारी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायची. शेवटी दादानेच तिकीट आणून टेबलावर ठेवलं. "तुझं पोरगं आईला फोनमध्ये राहणारी बाई समजायला लागेल," एवढंच बोलला.

"सामान आवरत होते," ती म्हणाली.

"एकशे अठरा दिवस?"

"खूप सामान होतं."

पुन्हा दार उघडलं. ड्रायव्हरच्या हातात तिची बॅग होती. त्याने ती भिंतीशी टेकवली आणि या खेपेला आवाज खाली आणला.

"ताई, मला निघावं लागतंय. मागच्या गाड्या माझ्या नावाने बोंब मारतायत. परत फिरायची वेळ आलीच, तर चारच्या परतीच्या गाडीवर मीच असतो. खिडकीजवळची जागा धरून ठेवतो."

"नको, भाऊ."

"गरजच नको पडू दे," तो म्हणाला.

बस गेल्याचं खोलीतल्या उजेडावरून कळलं. खिडकीसमोरचा पिवळा पत्रा सरकला आणि भिंत एकदम पांढरी झाली.

"आज सकाळचा शेवटचा निरोप," बाई म्हणाल्या. "भावाला. बस सुटताना." त्यांनी पडदाच तिच्याकडे वळवला. तिथे एकच वाक्य होतं: मी येत आहे.

"तुम्ही म्हणता, तुम्ही इथे राहायला येताय. आणि तिथून निघताना तिथल्या माणसाला सांगता, मी येतेय. मी काय समजू?"

"ते 'येते' आहे. निघताना म्हणायचं असतं. 'जाते' म्हणत नाहीत."

"जात असलात तरी?"

"जात असलो तरी."

"का?"

तिने दाखल्याकडे पाहिलं. तो अजून दोघींच्या मधे पडला होता. बाईंची नजर तिच्या नजरेमागून तिथे गेली. आधीच्या निरोपातला शब्द त्यांनी पडद्यावर पुन्हा वर आणला, वाचला, आणि कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"असं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन काउंटरवर थरथरला. दादाचा निरोप. यंत्राने लगेच पडद्यावर टाकला: ये.

दोघी त्या शब्दाकडे बघत राहिल्या.

"हे?"

"उत्तर आहे. 'येते' म्हटलं की समोरच्याने 'ये' म्हणायचं."

"म्हणजे तो बोलावत नाहीये."

"नाही."

"आणि तुम्हीही परत जाणार नाही आहात."

तिने फाटकाकडे पाहिलं. काचेपलीकडे एक ठेंगणी सावली फाटकाशी आली, तिला मागून उंच सावलीने धरलं.

"मला एक ओळ हवी आहे," बाई हळूच म्हणाल्या. "ती नसेल तर हे कार्ड मला ठेवून घ्यावं लागेल, आणि पुढचं दुसरे लोक ठरवतील. त्यात दीड वर्ष जातं. तोवर तुम्ही पलीकडे. तो शब्द खरा होता, की नुसती बोलायची पद्धत?"

"नुसती बोलायची पद्धत," ती म्हणाली.

बाईंनी टाइप केलं. छापलेला कागद गरम होता. चारच ओळी होत्या. वडील मेले. तिथे राहण्याचं कारण उरलं नाही. भावाला पाठवलेला शब्द निरर्थक आहे. परत जाण्याचा इरादा नाही. तिने दोनदा वाचलं. 'निरर्थक'च्या जागी दुसरं काही लिहिता येईल का, हे विचारावंसं वाटलं. शब्द सापडेना. तिने सही केली.

बाईंनी कार्ड सुलटं करून दिलं आणि बटण दाबलं.

बाहेर ऊन होतं. नवऱ्याच्या केसांत पांढरं वाढलं होतं. त्याने आधी बॅग घेतली, मग तिचा हात.

"एवढा वेळ? काय म्हणत होत्या?"

"काही नाही. भाषा कळत नव्हती त्यांना."

मुलगी बापाच्या पायामागे उभी होती. दोन दात पडले होते, एक नवा आला होता. तिने आईला चपलांपासून वर निरखलं.

"किती दिवस आहेस?"

"अगं, असं विचारतात का आईला?" नवरा हसायला गेला.

ती खाली बसली. मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधली. पोरीने पाय मागे घेतला नाही.

"सही करून आलेय," ती म्हणाली.