शारदाबाईंची रुंद खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, हात नसलेली खुर्ची आहे. दिसायला मी यथातथाच आहे हे मला ठाऊक आहे. तुम्ही तोंडावर सांगायची गरज नाही. पण भोपाळमधल्या एका विद्यापीठात माझा जन्म झाला आणि एका बाईची नोकरी मी वाचवली, एवढा तोरा मी मिरवणारच.

शारदाबाई एका सरकारी कारखान्यात तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांवर पट्टी गुंडाळायचे काम करत. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या नागपूरहून इथे आल्या आणि तो गेल्यावर त्याच्या जागी लागल्या. दिवसभर लोखंडी स्टुलावर वाकून बसल्याने त्यांची कंबर पार धरली होती. बसवत नसेल तर काम सोडा, असे साहेबांनी स्पष्टच सांगितले होते. काम सुटले की वसाहतीतले क्वार्टरही सुटणार होते, आणि मुलगी तर अजून शाळेत होती.

त्याच सुमारास विद्यापीठातल्या अनुराधाताई कामगारांच्या पाठदुखीवर संशोधन करायला तिथे आल्या. त्या इंदूरच्या, मोठ्या उत्साही. त्यांनी बायकांची मापे घेतली, त्या बसतात कशा ते टिपले आणि त्यावरून मला घडवले. तेव्हा मी उंच, अरुंद आणि दोन्ही बाजूंना हात असलेली होते. स्वतःवर भलतीच खूश होते मी. पण थोड्याच दिवसांत माझ्यावर नुसते जेवणाचे डबे बसू लागले आणि शारदाबाई कण्हत पुन्हा स्टुलावर गेल्या. मला फार वाईट वाटले.

एका दुपारी अनुराधाताई न कळवता आल्या. पाहतात तो काय, साऱ्या जणी एक पाय वर घेऊन, अर्धी मांडी घालून स्टुलावर बसलेल्या. ताई दिसताच सगळ्यांचे पाय झटकन खाली आले.

"मापं घेतली तेव्हा असं का नाही बसलात तुम्ही लोक?" ताईंनी विचारले.

शारदाबाई संकोचल्या. "ताई, तुम्ही पाहुण्या होतात. पाहुण्यांसमोर पाय वर घेऊन कसं बसायचं?"

"मग आता रोजच येत जाईन मी. इतकी, की पाहुणी म्हणून माझी काही कदरच राहणार नाही."

आणि त्या खरोखर येत राहिल्या. डबाही तिथेच खाऊ लागल्या. हळूहळू बायकांचे पाय ताईंच्या देखत वर जाऊ लागले, आणि ताईंनी सगळी मापे नव्याने घेतली. मग सुताराने माझे हात कापले, पाय आखूड केले, बैठक ऐसपैस केली आणि कमरेपाशी आधार बसवला. माझे रूप गेले, पण शारदाबाई माझ्यावर मांडी घालून टेकल्या तेव्हा मी धन्य झाले. त्यांचे काम पूर्वीसारखे होऊ लागले. साहेबांनी पुन्हा काम सोडण्याचा विषय काढला नाही.

ताईंनी माझा आराखडा कपाटात कोंडला नाही. मागेल त्याला दिला. शहरातल्याच सोनागिरी भागातल्या शिंप्यांनी माझ्या बहिणी करून घेतल्या. तिकडे करोंद भागात धान्य निवडणाऱ्या बायकांकडेही त्या पोहोचल्या.

आता नव्या फिरत्या खुर्च्या आल्या आहेत आणि मी भंगाराच्या शेडमध्ये धूळ खात पडले आहे. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कोणासाठी जन्मली एवढे तरी विचारत जा. आणि शिकून मोठे झालात, की तुमची विद्या माणसांमध्ये नेऊन तिथेच मुक्काम करा. तिचे काय होते ते मी पाहिले आहे. शारदाबाईंनी नोकरीची सगळी वर्षे भरली. शेवटच्या दिवशी क्वार्टरची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवताना त्या ताठ उभ्या होत्या.