दीड दिवसाची वाट

सोमवारी वडील गेल्याचा फोन आला तेव्हा सोमनाथ डेट्रॉइटमध्ये कामावर निघाला होता. गावी, घोटीत, संध्याकाळ होती.

"नाथाभाऊ गेले रे," चुलते म्हणाले. "कधी पोचशील? तवर थांबतो आम्ही."

दुपारचं विमान होतं. ॲमस्टरडॅमला बदलून मुंबई, तिथून कसारा घाट चढला की घोटी. अंतर तेरा हजार किलोमीटर, पण माणूस दीड दिवसात दारात. सोमनाथला हे पाठ होतं. मात्र दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर त्याची बढतीची मुलाखत होती.

"लय लांब हाय काका," तो म्हणाला. "तीन-चार दिवस लागतील. थांबू नका, उरकून घ्या." आणि त्याने फोन बंद करून ठेवला.

बढती मिळाली. तो घोटीत पोचला तो दहाव्याच्या आदल्या दिवशी.

दहाव्याचा विधी आटोपून भावकी ओट्यावर बसली होती. नाशिक रोडला विमान तिकिटांच्या कचेरीत काम करणारी त्याची मामेबहीण पल्लवी आली होती. तिने त्याचा हात धरला.

"दादा, फ्लाइट चुकली ना रे तुझी? मीच आत्याला सांगितलं होतं, बुधवारी सकाळी येईल म्हणून. त्या दुपारच्या विमानात जागाही होती. तुला किती फोन लावले!"

सोमनाथला काही कळेना. मग धाकटा भाऊ पुंजा जमिनीकडे बघत बोलला, "काकांनी उरकायचं ठरवलं व्हतं. आई आडवी आली. म्हनली, पल्लवी खोटं बोलायची नाय, माझा सोमा येतोय. बाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या. बुधवारी दुपारी उचललं."

आई, कुसाबाई, दारातच उभी होती. ती चटकन म्हणाली, "इमान चुकलं त्याचं. मी सगळ्यांना सांगितलंय."

सोमनाथने नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. पण बर्फावर ठेवलेल्या बापाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

"नाय चुकलं," तो म्हणाला. "मी निघालोच नाय. कामाला जायचं व्हतं."

 चुलत्यांनी तोंड फिरवलं. पुंजा उठून भातखाचराकडे चालू लागला. पल्लवीने सोमनाथचा हात हळूच सोडला.

खरं बोलल्यावर मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. त्याने आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"धा दिवस दारात येईल त्याला मी तेच सांगत व्हते," ती पदराआडून म्हणाली. "आता या मानसांना मी तोंड कसं दावू, सोमा?"

ती आत गेली. सोमनाथ तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेला. पुढे पाऊल टाकायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.