मंजिरीच्या घटातला गहू का कुजला

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कम्युनिटी हॉलमध्ये त्या रविवारी महाराजांच्या दर्शनासाठी मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर मंजिरीच्या घरचे दोन घट मांडले होते. एकात गव्हाचे अंकुर काळे पडून चिखलात लोळलेले, दुसऱ्यात वीतभर हिरवेगार.

"गहू तोच, पाणी तेच," महाराज म्हणाले. "फरक माझ्या मातीचा. हिमालयातल्या गुहेत मंतरलेली आहे ती. पोरी, जे सावट तुझ्या घटावर होतं, तेच गर्भावर आहे. सुया टोचून ते वाढतं. आजपासून इंजेक्शनं बंद."

मंजिरीला सातवा महिना होता. आधीची दोन बाळं रक्ताच्या गुठळ्यांपायी गेली होती, म्हणून हे रक्त गोठू न देणारं रोजचं इंजेक्शन. ती स्वतः डॉक्टर होती. पण नवरात्रात पाचव्या दिवशी घट कुजला आणि तिची झोप उडाली. मग महाराजांनी दिलेल्या मातीत तिनेच दुसरा घट बसवला, तर तो तरारला. त्या भरवशावर काल तिने पहिल्यांदाच इंजेक्शन चुकवलं. शिक्षणाचं असंच असतं, भीती दारात आली की ते मागच्या दाराने पसार होतं.

तेवढ्यात तिच्या शेजारी राहणाऱ्या कल्याणीताई दोन कप घेऊन पुढे आल्या. विद्यापीठात त्या मातीतल्या जिवाणूंवर काम करत.

"महाराज, दोन्ही कपांत तुमचीच माती आहे. मंजिरीकडून मूठभर मागून घेतली होती. गहू तिचा, पाणी तिच्या बागेतल्या पिंपातलं. मग एका कपातला गहू कुजला कसा?"

"तुम्ही त्यात अश्रद्धा कालवलीत."

"छे, त्या कपातली माती नुसती मायक्रोवेव्हमध्ये फिरवली. आणि चाळताना त्यात टीबॅगचे तुकडे निघाले. गुहेत चहा कोण पितं?"

लोक हसले. मंजिरीला हसू आलं नाही. "पण ताई, माझ्या पहिल्या घटातली माती मी मायक्रोवेव्ह केलीच नव्हती."

"मग काय केलं होतंस?"

"ओव्हनमध्ये भाजली. टू हंड्रेड डिग्रीज, एक तास. गार्डनमध्ये मांजरं येतात ना, त्यांच्या विष्ठेतून प्रेग्नन्सीत इन्फेक्शन नको म्हणून."

"डॉक्टरीणबाई, तिथेच घोळ झाला. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातले काही मुळांना चिकटून बसतात, तिथलं अन्न आणि लोह रोगजंतूंच्या आधीच फस्त करतात, काही तर त्यांना मारणारं रसायन सोडतात. ते सगळे तू भाजून काढलेस. मग पिंपातल्या शेवाळलेल्या पाण्यातून मूळकुजीचे जंतू आले, त्यांना अडवायला कुणी उरलंच नव्हतं. यांची माती म्हणजे कुणाच्या तरी बागेतलं कंपोस्ट. त्यात राखणदार जिवंत होते, मी शिजवले तेव्हा तेही मेले. तुझ्या बाळाचा यात काय संबंध?"

महाराजांनी डोळे वटारले. "उद्या काही बरंवाईट झालं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

कुजण्याचं कारण पटलं म्हणून भीती लगेच जात नाही, आणि महाराजांचं सगळं दुकान त्या भीतीवरच चालतं. भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज कसली? पण घट कुजला तर माती बघावी, पाणी बघावं, आणि बाळाची काळजी वाटली तर डॉक्टरांना विचारावं.

मंजिरीने तिथूनच मॅटर्निटी वॉर्डला फोन लावला. कालचा डोस मी घेतला नाही, आता काय करू, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं.