पातेल्याचा डाग

"एवढं लांबरुंद टेबल, आणि उकळतं पातेलं टेकवायला नेमकी हीच जागा सापडली!"

थोरली हे टेबलालाच म्हणत होती. पण बाबा खाण्याच्या सोड्याची वाटी धरून तिच्या पाठीशीच उभे होते, तेव्हा ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं. लॅमिनेटवर पातेल्याच्या बुडाएवढं पांढुरकं वर्तुळ उमटलं होतं आणि त्यावर बारीक ओरखडे.

"तारेची घासणी फिरवलीत?"

"जरासा जोर लावला."

"जोराने चकाकी जाते बाबा, डाग नाही."

तिने सोड्यात थोडंसं पाणी घालून लेप कालवला, मऊ फडक्यावर घेतला आणि तान्ह्याचं तोंड पुसावं तशा हाताने फिरवू लागली.

"खाली काही ठेवायचं सुचलं नाही?"

"बेल वाजली. घाईत टेकवलं गेलं."

"कोण आलं होतं?"

"पेपरवाला."

"भर दुपारी?"

"उशीर झाला असेल बिचाऱ्याला."

थोरलीने ओठ दाबून हसू गिळलं. जन्मभर लोकांचे सदरे शिवून स्वतः मात्र तुटक्या बटणांनिशी वावरलेला हा माणूस आज इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता.

ती निघाली तेव्हा धाकटा फोनवर म्हणाला होता, "ताई, जरा बघून ये." नवरा म्हणाला होता, "टेबल बघून ये हं." काय बघायचं, ते दोघांनीही तोंडातून काढलं नव्हतं. वाचनालयातल्या बाई बाबांकडे चहाला येतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. थोरलीला वाटे, बोललं नाही तर ते नुसतं कानावर आलेलं राहील. बोललं, की आई गेल्यापासून खिडकीजवळ रिकामी असलेली तिची खुर्ची हातची गेली.

तिने लेप पुसला. डाग फिका पडला होता. पुन्हा सोडा लावायला ती पलीकडे वाकली, तसं तिच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. स्वयंपाकघरातलं स्टूल. त्याच्यासमोर, टेबलावर, कपाखाली ठेवायची विणलेली चकती. घरात उरलेली एकुलती एक.

"हे इथे कशाला?"

"बल्ब बदलायला घेतलं होतं."

थोरलीने वर पाहिलं. बल्बवर वर्षाची धूळ होती. मग तिने खिडकीकडे पाहिलं. आईची खुर्ची जागच्या जागी होती, उशी फुगवलेली, बसल्याची एक सुरकुतीही नाही.

बाबा वाटीतला सोडा उगाचच चमच्याने सारखा करत होते.

"पाठ दुखत असेल हो," थोरली म्हणाली.

"माझी? नाही गं."

तिने फडकं खाली ठेवलं, हात पदराला पुसले. स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. परत येऊन खिडकीजवळची खुर्ची उचलली, जड होती, पण बाबांना हात लावू दिला नाही, आणि त्या चकतीसमोर आणून नीट सरळ केली.

"बाईंना स्टुलावर काय बसवता, बाबा? आईची खुर्ची द्या त्यांना."